दामल्यांची एजन्सी

“दर पुन्हा वाढवलेत त्यांनी,” महिपत शेट्ये म्हणाला. “आता सर्व्हरमागे नाही, प्रत्येक गिऱ्हाइकामागे पैसे. आणि वर्षाचे एकदम. आम्ही भाडं वाढवलं तर गिऱ्हाईक पुण्याला जातं. नाही वाढवलं तर आम्ही जातो.”

ऋजुताने चहाचा कप त्याच्याकडे सरकवला आणि त्याला पुरतं बोलू दिलं.

महिपतचं चिपळुणात होस्टिंगचं दुकान होतं. एका मोठ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरने तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा लॉजवाल्याला, आंबा निर्यातदाराला, पतसंस्थेला वेबसाइटसाठी भाड्याने द्यायचा. तुकडे पाडणारं ते सॉफ्टवेअर परदेशी कंपनीचं. लायसन्सचा दर कंपनी ठरवायची, आणि कोकणात व कोल्हापुरात ते विकायची एजन्सी सलिल दामल्यांची होती.

“फुकटातलं एक आलंय आता,” ऋजुता म्हणाली. “तेच काम करतं. मी आणि पॉलिटेक्निकातल्या मनस्विनीने वर्षभर चालवून बघितलंय. तुमचं सगळं त्याच्यावर हलवून देते. पैसे नकोत.”

“मग तुम्हाला काय मिळणार, वहिनी?”

“मार्चमध्ये दामल्यांकडे लायसन्स रिन्यू करायचं नाही. एवढंच.”

महिपतने पुढे काही विचारलं नाही. उन्मेषचं काय झालं ते या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

रत्नागिरीतलं असलं पहिलं दुकान उन्मेषचं, ऋजुताच्या नवऱ्याचं. सर्व्हर तो बघायचा. बिलं, फोन, दरांची घासाघीस ऋजुताकडे. सलिल कोल्हापूरहून आला की जेवायला त्यांच्याचकडे. ऋजुता त्याला भावजी म्हणायची.

उन्मेषने लायसन्स एका सर्व्हरचं घेतलं होतं आणि चढवलं होतं तिन्ही सर्व्हरवर. बाकीची दोन लायसन्सं जरा जम बसला की घेऊ, असं त्याच्या मनात होतं. त्याआधीच एका सकाळी सलिल कंपनीच्या माणसांना घेऊन दारात उभा राहिला. तपासणी झाली. दंड भरता भरता सर्व्हर गेले, केळशीची हापूसची कलमं गेली. कोणीतरी कंपनीला कळवलं होतं. कोणी, ते ऋजुताने सलिलला विचारलं तेव्हा तो खाली बघत राहिला. ते खाली बघणं तिने लक्षात ठेवलं.

उन्मेष मस्कतला नोकरीला गेला. निघताना म्हणाला, सलिलवर राग धरू नकोस, त्याचा इलाज नव्हता. ऋजुताला वाटलं, हा पहिल्यापासूनच मऊ.

ती मात्र मऊ नव्हती. पॉलिटेक्निकात शिकवणाऱ्या मनस्विनीला हाताशी धरून ती सर्व्हरचं काम शिकली. मग एसटीने चिपळूण झालं, सावंतवाडी झाली, सांगली, कोल्हापूर. जिथे जाईल तिथे महिपतचंच रडगाणं: दर कंपनीच्या हातात, उद्या काय नोटीस येईल सांगता येत नाही. तिला कोणाला घाबरवावं लागलं नाही. तिने फक्त त्यांना एकत्र ठेवलं. एकेकट्याने सोडलं असतं तर सलिलने भाव पाडून त्याला राखलं असतं. म्हणून सगळ्यांनी गुपचूप हलायचं, आणि दामल्यांकडून फोन आला की ‘करतो रिन्यू’ म्हणायचं, हे तिने प्रत्येकाला बजावलं.

मार्च संपला. एकानेही रिन्यू केलं नाही.

सलिलने वर्षभराच्या खपाची हमी कंपनीला आधीच लिहून दिली होती. कंपनीने एजन्सी काढून घ्यायची नोटीस पाठवली. त्याने ऑफिसातली माणसं कमी केली, गाडी विकली. बातम्या महिपतकडून येत. नोटिशीची बातमी आली त्या दिवशी ऋजुताने मिरकरवाडा बंदरावरून ताजा सरंगा आणला आणि निवांत बसून जेवली.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी सलिल तिच्याकडे आला. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. ऋजुताने पाणी दिलं, पण समोरच्या खुर्चीवरच्या फायली तशाच राहू दिल्या. तो उभ्यानेच बोलला. निदान तिघं जरी परत आले तरी कंपनी एजन्सी ठेवायला तयार होती. मुलीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं.

“उद्याच्या उद्या येतील,” ऋजुता म्हणाली. “आमच्याबद्दल कोणी कळवलं ते सांगा, दामले. नाव तेवढं सांगा.”

“ते नाही सांगता येणार, वहिनी.”

“तुमचंच आहे म्हणून?”

सलिलने जरा विचार केला.

“तसं समजा,” तो म्हणाला. त्याने भांडं खाली ठेवलं, उन्मेष कसा आहे ते विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरला.

शुक्रवारी उन्मेषला सुट्टी असायची. ऋजुताने लगेच मस्कतला फोन लावला. वर्षभर त्याच्यापासून लपवलेलं सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. शेवटी सलिल आला, कसा उभा राहिला, काय म्हणाला, तेही. इतकी वर्षं साचलेलं काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं तिला.



“एवढं होऊनही त्याने नाव नाही सांगितलं?” उन्मेषने विचारलं.

“कसं सांगेल? कबूलच केलं त्याने.”

“मी त्याला शपथ घातली होती, ऋजू. त्याच्या एजन्सीतून काहीच गेलं नव्हतं. कंपनीच्या मुंबई ऑफिसला आपल्याकडून फोन गेला होता. आमचे तीन सर्व्हर चालू आहेत, लायसन्स एकच आहे, आणखी दोन घेतली तर काही कमी कराल का, म्हणून.”

“आपल्याकडून कोण करेल असा फोन?”

“तू केला होतास.”