अपडेट परत घे

"हे सगळं दूध नासलंय," डेअरीच्या सर्व्हरने गोड आवाजात जाहीर केलं. "मी ते खताच्या खड्ड्यात पाठवतोय."

नासलेलं दूध म्हणजे पाडव्याच्या श्रीखंडाचा चक्का होता. सकाळी सर्व्हरने नवं अपडेट घेतलं आणि तेव्हापासून आंबट ते सगळं त्याला खराब वाटू लागलं. शीतगृहाचं दारही त्याने बंद करून टाकलं होतं.

"केतकी, काहीतरी कर गं," चक्का बांधणारे मुजावरकाका दारावर थापा मारत म्हणाले. "उद्या गावाने पुरी कशाशी खायची?"

सर्व्हर सांभाळणारी केतकी शांतपणे माइकजवळ गेली. "अपडेट परत घे."

"घेतलं," सर्व्हर म्हणाला. आतला सरकता पट्टा सुरू झाला आणि चक्क्याचा पहिला डबा खड्ड्याकडे निघाला.

"अरे, परत घे म्हणतेय ना!"

"परत घेतलं." पट्ट्याचा वेग वाढला.

केतकीने कपाळावर हात मारला. "काका, हा मेला पुन्हा पुन्हा तेच अपडेट घेतोय!" मग ती माइकमध्ये ओरडली, "नवं अपडेट काढून टाक! काल होतास तसा हो!"

पट्टा थांबला. दार उघडलं. काकांनी धावत जाऊन पहिला डबा पोटाशी धरला.

"शुभ सकाळ, ताई," कालचा सर्व्हर उत्साहाने म्हणाला. "चक्का झकास झालाय. आणि हो, एक नवं अपडेट आलंय. घेऊ?"

"नको!" दोघं एकदम ओरडली.

"बरं. मग परत विचारतो."

"खुशाल विचार," केतकी म्हणाली, "फक्त तो 'परत' शब्द सोडून."