शिक्क्याचा कागद

"हात ढिला सोड, प्रियंका. सुई आहे ते, विळा नाही," मथुराबाई म्हणाली.

सुनेनं डोळे मिटले. मथुराबाईनं मात्र नळीत चढणाऱ्या रक्तावरून नजर हलवली नाही. पाळीच्या दुसऱ्या दिवशीच हे रक्त द्यायचं असतं, म्हणून महिनाभर ती बोटांवर दिवस मोजत होती. आज दारव्ह्याहून पहिल्या गाडीनं तिनं सुनेला घेऊन यवतमाळ गाठलं होतं.

"मिस्टर नाही आले?" रक्त काढणाऱ्या पोरीनं विचारलं.

"त्याले नाही जमत. मी आली ना? माह्यानं भागत नाही का?"

"तसं नाही, मावशी. नवऱ्याचीबी तपासणी लागते. दोघांची जोडीनंच करतात."

"अस्सं होय?" मथुराबाईनं ते मनात ठेवून दिलं.

रिपोर्ट चार वाजता मिळणार होता. दोघी बाकावर बसल्या. समोर एका बाईच्या मांडीवर तान्हं बाळ अंगठा चोखत होतं. मथुराबाईनं तोंड फिरवलं, पण कान तिकडंच राहिले. घरात सून येऊन सहा वर्षं झाली होती. 'वांझ आहे' म्हणणाऱ्या बाया गल्लीत कमी नव्हत्या. त्यातल्या दोघींना तिनं नळावर असं सोलून काढलं होतं की त्या अजून पाण्याला दुसऱ्या गल्लीत जात. संघर्षच्या, तिच्या एकुलत्या एक पोराच्या, जुन्या शर्टांचं तिनं एक दुपटं शिवलं होतं. आजही ते पिशवीत होतं. का आणलं, तिचं तिलाच ठाऊक.

डबा उघडून तिनं भाकर अन् आलूची भाजी सुनेपुढं सरकवली.

"आई, रिपोर्ट खराब आला त?"

"त घरी चालू. घर काही पयून नाही गेलं आपलं."

"अन् चांगला आला त?"

मथुराबाईनं घास मोडला आणि तसाच हातात धरून बसली. "जेव आधी. बोलाले चालते तेवढं तोंड जेवाले चालव."

चार वाजता डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. "हार्मोन्स सगळे ठीक आहेत. अंड्यांचा साठाही वयाच्या मानानं चांगला. नुसत्या रक्तावरून मूल होईलच असं कोणी सांगू शकत नाही. पण यात तरी मला काही खोट दिसत नाही."

"लिहून द्या तसं. शिक्क्यासकट."

प्रियंकाला रडूच कोसळलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "अगं, चांगली बातमी आहे ही!"

मथुराबाईनं कागदाची घडी करून ती कमरेला खोचली. महिनाभर जे मागत होती ते मिळालं होतं.

बाहेर येऊन तिनं दुपटं काढलं. मांडीवर ठेवून घडी सारखी केली, एकदा नाकाशी धरलं आणि सुनेच्या पिशवीत तळाशी ठेवलं. मग पदरानं तोंड पुसून नेरला फोन लावला.

"जयभीम, श्रावणभाऊ. तुम्ही मांगतला तो कागद हाती आला. शिक्क्यासकट. काही खोट नाही पोरीत." तिनं आवाजाला धार लावली. "आता तुमच्या पोराची तपासणी करा अन् त्याचा कागद घेऊन या. मंग पाह्यतो, माहा संघर्ष त गेला, त्याच्या माघारी ही लेक तुमच्या घरी सून म्हणून द्याची का नाही."