तव्यावरचा हात

अकोटच्या शाळेत सूर्यभान मास्तरांनी घरचे तीन गंज मांडले. एकात गरम पाणी, एकात थंड, मधल्यात कोमट. गरमातून काढलेल्या हाताला कोमट पाणी थंड लागलं, थंडातून काढलेल्याला तेच गरम लागलं. "ताप हाय का नाही, हे हाताले विचारू नका," मास्तर पोरांना म्हणाले. "हात खोटं सांगते."

हा प्रयोग आधी त्यांनी बायकोच्या, वच्छलाच्या हातांवर करून पाहिला होता. आता ती तापानं अंथरुणावर होती. संध्याकाळी मास्तरांची आई भाकरी टाकता टाकता चुलीपासून उठली आणि तव्यावरचा हात तसाच सुनेच्या कपाळावर ठेवला.

"कुठं हाय ताप? थंडं हाय कपाळ. सोंग करून राहिली!"

वच्छलानं मास्तरांकडे पाहिलं.

"ऊठ वं," मास्तर म्हणाले. "माय म्हणून राहिली ना."

चौथ्या दिवशी सकाळी वच्छला हलवूनही उठेना. म्हातारी विहिरीवरून धावत आली, ओल्या हातानं कपाळ चाचपलं आणि ओरडली, "अंग गरम हाय रे! डॉक्टरले बोलाव!"

मास्तरांनी वच्छलाच्या नाकाशी आरसा धरला; काच कोरडीच राहिली. त्यांनी तिच्या तोंडावर चादर ओढली.

"तुहा हात थंडा हाय, माय. हात खोटं सांगते."