सवाष्णीचं ताट

शेजारच्या प्रयागकाकूंनी त्यांच्या घरी माझ्यासाठी पाट सरकवला, तो फरशीवर खर्रकन वाजला आणि मी कशीबशी मांडी घालून बसले. त्यांच्या मुलाची, मानसिंगची मोटारसायकल एमआयडीसीतून येताना घसरली होती. आज पुण्यात त्याचं ऑपरेशन होतं. म्हणून देवीच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची होती, आणि बोलावणं मला आलं. बाळंतपणापासून मला मांडी घालून बसवत नाही, घरी मी ओट्याशी उभ्यानंच जेवते, हे अशा वेळी त्यांना सांगणार कसं? "सावकाश जेव, पोरी. फक्त ताटावरनं मधीच उठू नगंस, आज तेवढं चालायचं न्हाय," काकू म्हणाल्या. दुसऱ्याच घासाला कमरेतून कळ निघाली आणि मांडीमागून पोटरीत उतरली. मी भार डावीकडे टाकला, मग उजवीकडे. पायाला मुंग्या आल्या, मग नुसती आग व्हायला लागली. अर्धी पोळी अजून बाकी होती. काकू तूप वाढायला वाकल्या आणि माझे भरलेले डोळे त्यांना दिसले. "अगं, का रडतीस? माझ्या पोराचं काय..." त्यांनी तुपाची वाटी खाली ठेवली. "छे हो काकू, आमटी तिखट लागली." "जळोची गावात राहून तिखट सोसंना व्हय तुला!" त्या हसल्या, सकाळपासून पहिल्यांदाच. मीही हसले. शेजारी जेवणाऱ्या माझ्या छकुलीनं मात्र ताटात वाकून पाहिलं. "आई, तुझी आमटीची वाटी तर भरल्यालीच हाय. मग तुला तिखट कशानं लागलं?"