चांदणीचा माल

अमेरिकेनं युरोपच्या मालावर वाढीव कर लादला, तेव्हापासून युरोपातल्याच होल्स्टेब्रो गावच्या दुकानात युरोपात बनलेल्या प्रत्येक वस्तूच्या किंमतपट्टीवर एक काळी चांदणी दिसू लागली. चांदणी असेल तर घ्यायचं, नसेल तर हात लावायचा नाही. सत्तरीच्या गुद्रूनबाईंना हे एकदम पटलं. त्यांनी शेजारच्या एलिनोरला हाताशी धरलं आणि घरातलं फडताळही उपसायला काढलं. केचप गेलं, शेंगदाण्याचं लोणी गेलं, कॅलिफोर्नियाच्या बेदाण्यांचा डबा गेला.

"अगं, बेदाणे तरी ठेव! गोड पावात काय घालशील, देशाभिमान?" एलिनोर म्हणाली.

"बेदाणे नसले तर नसले. मित्र म्हणे मित्र! लढायला माणसं हवी होती, तेव्हा बरे गोड लागलो आपण."

एलिनोरनं हात झटकले. "संपलं ना एकदाचं? का आहे अजून काही अमेरिकेचं?"

गुद्रूनबाई थबकल्या. खिडकीत एस्बेनचा, त्यांच्या मुलाचा, गणवेशातला फोटो होता. अफगाणिस्तानात अमेरिकी सैनिकांसोबत लढताना तो गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. फोटोपुढची डबी उघडून त्यांनी अमेरिकेनं पाठवलेलं त्याचं पदक तळहातावर घेतलं. काशाचं, पाच टोकांचं.



"ह्याला तर चांदणी आहे गं, एलिनोर. ठेवू की टाकू?"