कडी
नववीतल्या ज्ञानेश्वरीनं दप्तरातून दाराची कडी काढली आणि शाळेच्या समुपदेशक ग्रेस मॅडमच्या टेबलावर ठेवली. "माझ्या खोलीची हाय. मामानं काल खोलून काढली. म्हनला, गंजली." कडी नवीकोरी होती. मॅडमनी हळूच विचारलं, "रात्री येतो तो?" मुलीनं मान खाली घातली. "आईला कळू देऊ नका. आमी मामाच्याच घरात ऱ्हातो. त्यानं हाकललं तर ती कुठं जाईल?" "बाळा, हे मला लपवता येत नाही. कायदा आहे, पोलिसांना कळवावंच लागतं." "मी नको म्हनलं तरी?" "तरीही." मॅडमनी मोबाईल उचलून नंबर लावला. पलीकडे रिंग वाजू लागली. मुलीनं कडी परत दप्तरात टाकली, चेन ओढली आणि दारापाशी जाऊन वळली. "मी तुमाला एकटीलाच सांगितलं हुतं, मॅडम," ती म्हणाली. "मी नको म्हनलं, तर मामाबी ऐकत न्हाई."