हंड्यातला आवाज

नांगरताना वर आलेला तांब्याचा हंडा सातशे वर्षांपूर्वीचा होता. भांडं घडवताना हातोडीच्या ठोक्यांबरोबर आसपासचे आवाजही धातूत उतरतात, आणि नवीन यंत्र ते परत ऐकवत असे. या हंड्यातून एका बाईचा आवाज आला, पण तिची बोली कुणालाच कळेना. म्हणून संशोधक वैजयंती डोंगरातल्या रुंगीबाईंना घेऊन आली. अकरा वर्षांपूर्वी बहीण गेली, तेव्हापासून ती बोली बोलणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या.

आवाज सुरू होताच रुंगीबाईंनी पदर सावरला.

"काय म्हणते ती, आजी?"

"नवऱ्याला सांगते, हळू ठोक, पोर आत्ताच निजलंय."

वैजयंतीने ते लिहून घेतलं. "पुढे काही नाही. एवढंच आहे."

"पुन्हा लाव."

पाचव्यांदा ऐकल्यावर रुंगीबाई हंड्याकडे वाकल्या आणि आपल्या बोलीत भराभर बोलू लागल्या. मधेच हसल्या. मग गप्प होऊन उत्तराची वाट बघत बसल्या.

वैजयंतीला राहवेना. "आजी, तिला ऐकू येत नाही."

"ठाऊक आहे," रुंगीबाई म्हणाल्या. "तुला येतं ऐकू, पण तुला तरी कुठं कळतं?"